एन-शून्य खरा, की न शोधलेला? फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगात लसिकाग्रंथी कशा काढाव्यात

पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘एन-०’ लिहून येते, त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, लसिकाग्रंथी नीट शोधल्या, काढल्या, तपासल्या आणि त्यांत कर्करोग सापडला नाही. दुसरा, कुणी नीट पाहिलेच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पुढचे उपचार मात्र त्याच एका अक्षरावर आणि आकड्यावर ठरतात. एन-१ किंवा एन-२, म्हणजे ग्रंथींत कर्करोग, निघाले की सिसप्लॅटिनवर आधारित केमोथेरपीच्या साधारण चार फेऱ्यांचा विचार होतो. गाठीत ईजीएफआर या जनुकाचा ठरावीक बदल असेल तर ओसिमर्टिनिब हे औषध तीन वर्षे, एएलके या जनुकाचा असेल तर अलेक्टिनिब दोन वर्षे, असे पर्याय उघडतात. ग्रंथी बाटलीत पोचलीच नाही, तर रुग्णाला यातले बरेच काही मिळायचे राहून जाऊ शकते.

हे टिपण छातीची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या सर्जनसाठी आणि ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सहकाऱ्यांसाठी आहे. अहवाल हातात घेऊन बसलेल्या नातेवाइकांनाही शेवटचा भाग उपयोगी पडेल. ओटीत लसिकाग्रंथीला सगळे ‘नोड’ म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

नकाशा आधी पाठ हवा

नोडच्या जागांना ‘स्टेशन’ म्हणतात. पहिला उपयोगी नकाशा जपानच्या नारुके यांनी १९७८ मध्ये दिला. आज जगभर २००९ चा आयएएसएलसीचा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) नकाशा चालतो. त्यात १ ते १४ क्रमांक आहेत. १ गळ्याच्या मुळाशी. २ ते ९ मेडियास्टिनममधले, म्हणजे दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतले. १० ते १४ फुफ्फुसाच्या मुळाशी आणि फुफ्फुसाच्या आत. गाठीच्याच बाजूच्या १० ते १४ मध्ये कर्करोग असला तर एन-१. त्याच बाजूच्या मेडियास्टिनममध्ये किंवा श्वासनलिकेच्या दुभाजकाखाली असला तर एन-२. विरुद्ध बाजूला किंवा गळ्याच्या हाडाच्या वर गेला तर एन-३.

क्रमांकापुढचा आर म्हणजे उजवा, एल म्हणजे डावा. गोंधळ सीमेवर होतो. उजवीकडे अझायगस शिरेची खालची कड ही ४आर आणि १०आर यांच्यातली रेघ आहे. शिरेच्या वरचा किंवा मागचा नोड एन-२, तिच्या खालचा एन-१. दोन्हींत अंतर जेमतेम सेंटिमीटरभर, पण स्टेज बदलते. २ आणि ४ क्रमांकांची उजवी-डावी विभागणी श्वासनलिकेच्या मध्यरेषेवर नसून तिच्या डाव्या कडेवर आहे. म्हणून श्वासनलिकेच्या अगदी पुढ्यात असलेला नोड उजव्या बाजूचा धरतात. डावीकडे ५ आणि ४एल यांच्यामध्ये लिगामेंटम आर्टेरिओसम, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारा दोरा, आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला ५, आतल्या अंगाला ४एल.

टेबलावर घेण्याआधी

सीटीवर छोटा व्यास (शॉर्ट ॲक्सिस) १ सेंमीपेक्षा जास्त असला तर नोड मोठा समजतात. पण मोठा म्हणजे कर्करोगी नव्हे, आणि लहान म्हणजे निर्दोष नव्हे. पेट स्कॅनवर क्षयाचे, सारकॉइडचे किंवा सिलिकाच्या धुळीचे नोडही उजळतात, तर कर्करोगाची बारीक ठेव असलेला छोटा नोड अंधारातच राहतो. नोड मोठा किंवा पेटवर उजळ असेल, गाठ मध्यभागी किंवा ३ सेंमीपेक्षा मोठी असेल, किंवा फुफ्फुसाच्या मुळाशी नोडची शंका असेल, तर शस्त्रक्रियेआधीच सुईने नमुना घ्यावा. ईबसने, म्हणजे श्वासनलिकेत घातलेल्या अल्ट्रासाउंडच्या दुर्बिणीने, २, ४, ७, १० आणि ११ पर्यंत सुई पोचते. ८ आणि ९ साठी अन्ननलिकेतून जावे लागते. ५ आणि ६ ला ईबस सहसा पोचत नाही. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (फुफ्फुसाच्या मोठ्या भागाला लोब म्हणतात) गाठ असलेल्या रुग्णांत हे लक्षात ठेवा. तिथे ‘ईबस निगेटिव्ह’ या शब्दांवर विसंबून चालत नाही, कारण त्या लोबची वाटच ५-६ मधून जाते.

किती काढायचे

इथे तीन पद्धती आहेत. नमुने घेणे, म्हणजे प्रत्येक स्टेशनातला एखाद-दुसरा नोड काढणे. पद्धतशीर विच्छेदन, म्हणजे ठरलेल्या सीमांच्या आतली चरबी सगळ्या नोडसकट एका पुडक्यात काढणे. आणि लोबनुसार विच्छेदन, म्हणजे गाठ ज्या लोबमध्ये आहे त्याची लसिका जिथे वाहते तेवढीच स्टेशने काढणे.

लोबनुसारचा हिशेब असा: उजव्या वरच्या आणि मधल्या लोबसाठी २आर, ४आर, ७. उजव्या खालच्यासाठी ४आर, ७, ८, ९. डाव्या वरच्यासाठी ५, ६, ७. डाव्या खालच्यासाठी ७, ८, ९. सात सगळीकडे आहे, हे पाहून ठेवा.

किमान मर्यादा म्हणून आयएएसएलसीच्या व्याख्येत सहा नोड धरले आहेत: तीन मेडियास्टिनममधले, त्यांत ७ असलाच पाहिजे, आणि तीन फुफ्फुसाच्या मुळाशी व आतले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या कर्करोग आयोगाचे मानक नोडची संख्या मोजत नाही, स्टेशने मोजते: निदान तीन वेगळी मेडियास्टिनमची आणि निदान एक मुळाशी असलेले. आमच्या मते स्टेशने मोजणेच बरे. नोड चिमट्याने फुटला की एकाचे चार होतात आणि आकडा फुगतो. स्टेशन तसे फुगत नाही.

पद्धतशीर विच्छेदनाने आयुष्य वाढते का, यावर बरीच वर्षे वाद आहे. उत्तर अमेरिकेतल्या झेड-००३० या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला. आधी नीट नमुने घेऊन ते फ्रोझन सेक्शनवर (नमुना गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच केलेल्या तपासणीत) निगेटिव्ह आले, तर पुढे सगळे काढल्याने जगण्यात फरक दिसला नाही. पण सगळे काढलेल्या गटात सुमारे ४ टक्के रुग्णांमध्ये नमुन्यांनी न पकडलेला एन-२ सापडला. आणि त्या चाचणीतले नमुने म्हणजे जाता जाता तोडलेला एक नोड नव्हे, ते चांगले कसून घेतलेले होते. ‘झेड-००३० सांगते नमुने पुरेत’ असे म्हणणाऱ्याने स्वतःचे नमुने त्या दर्जाचे आहेत का, ते आधी पाहावे. त्याच चाचणीत विच्छेदनाला जास्तीचा वेळ साधारण १५ मिनिटे लागला आणि गुंतागुंत फारशी वाढली नाही. एवढ्या किमतीत आम्ही विच्छेदनाच्याच बाजूने आहोत. अगदी वयस्कर, श्वास कमी असलेल्या रुग्णात लहान परिघावरच्या गाठीसाठी लोबनुसार थांबणे समजू शकते.

हाताची सवय

नोड धरू नका, त्याच्या भोवतीची चरबी धरा. नोडचे कवच नाजूक असते. ते फाटले की रक्त झिरपते, मैदान लाल होते आणि कर्करोगाच्या पेशी छातीत सांडण्याचा धोका राहतो. आधी सीमा उघड्या करा: शीर, धमनी, हृदयावरण, श्वासनलिका. प्रत्येक सीमेवरून चरबी सोलत आत या. पुडके शेवटी एका देठावर लटकेल. त्या देठात रक्तवाहिनी आणि लसिकावाहिनी असते, म्हणून तिथे क्लिप लावा. लसिकावाहिनीत गोठण्यासारखे फार काही नसते. नुसत्या विजेच्या चटक्याने ती बंद झाल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांनी उघडते.

मेडियास्टिनमचे नोड लोबच्या आधी काढावेत की नंतर? शक्यतो आधी. फ्रोझन सेक्शनला एका नमुन्यामागे साधारण २० ते ३० मिनिटे लागतात, ती तुमची वाट न अडवता निघून जातात. १०आर आणि ४आर निघाले की उजव्या वरच्या लोबची धमनी उघडी पडते, ७ निघाला की ब्रॉन्कस (श्वासनलिकेची फांदी) मोकळा होतो. आणखी एक कारण कुठल्याच पुस्तकात नसते: लोब बाहेर आला की ओटीतल्या सगळ्यांचे खांदे सैल पडतात, आणि त्यानंतरचे नोड घाईत निघतात.

उजवी बाजू

४आरसाठी फुफ्फुस खाली-मागे ओढून अझायगसच्या वर, सुपीरियर व्हेना केव्हा (वरची महाशीर) आणि व्हेगस नर्व्ह यांच्या मधला प्ल्युरा (छातीतले पातळ आवरण) उघडा. पुढे व्हेना केव्हा, मागे श्वासनलिका, खाली अझायगस, खोलवर हृदयावरण आणि महाधमनीची कमान, अशी ही पेटी आहे. फ्रेनिक नर्व्ह (डायफ्रामची नस) व्हेना केव्हाच्या बाहेरच्या अंगावरून जाते, तिच्या मागेच राहा. पुडके व्हेना केव्हापासून सोडवताना चरबीतून थेट तिच्यात जाणारी एखादी बारीक शीर असते. ओढले की ती मुळापासून उपटते आणि व्हेना केव्हाला भोक पडते. दिसली की क्लिप लावून मगच कापा. उपटलीच, तर बोटाने किंवा गोळा केलेल्या गॉझने हलका दाब द्या, सक्शन नीट लावा, मग टाका घाला. आंधळेपणाने क्लिप मारत सुटलात तर भोक मोठे होते.

अझायगसला टेपने उचलून तिच्या मागून पुडके खाली काढता येते, गरज पडली तर ती कापताही येते. वर २आरकडे जाताना ब्रॅकिओसेफॅलिक धमनीपर्यंत मोकळेपणाने जा, पण सबक्लेव्हियन धमनीच्या जवळ हात आखडा. उजवी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (स्वरयंत्राची नस) तिथेच वळसा घेते.

७ हे मनापासून करण्याचे स्टेशन आहे. फुफ्फुस पुढे ओढा. खालच्या फुफ्फुसशिरेपासून अझायगसपर्यंत मागचा प्ल्युरा उघडा, रेघ ब्रॉन्कस इंटरमीडियसला लागून घ्या. अन्ननलिका आणि व्हेगस मागे सरकवा. आधी पुडके हृदयावरणावरून सोडवा, तो थर सहसा सहज सुटतो. मग ब्रॉन्कस इंटरमीडियसची कड, मग खोल जाऊन डाव्या मुख्य ब्रॉन्कसची कड. शेवटी दुभाजकाच्या टोकाशी या. तिथे ब्रॉन्कियल धमनीची फांदी पुडक्यात शिरते, तिला क्लिप लावा. ती निसटली तर आत आखडते आणि दिसत नाही. अशा वेळी गॉझ भरून पाच मिनिटे थांबणे हे चटके देण्यापेक्षा शहाणपणाचे.

काम पुरे झाले हे कसे ओळखायचे? दोन्ही ब्रॉन्कस, दुभाजकाचा कोन, हृदयावरण आणि अन्ननलिका हे सगळे एकाच नजरेत उघडे दिसले पाहिजेत. फक्त उजवा ब्रॉन्कस दिसत असेल तर अर्धे स्टेशन अजून आतच आहे.

ब्रॉन्कसची मागची भिंत पडद्यासारखी असते, तिथे कूर्चेचे कडे नाही. अल्ट्रासोनिक कात्रीचा हलणारा जबडा काम थांबल्यावरही काही सेकंद गरम असतो. त्याचे तोंड भिंतीपासून उलट्या बाजूला ठेवा. इजा लगेच दिसतेच असे नाही, भाजलेला भाग काही दिवसांनी गळतो. म्हणून शेवटी छातीत सलाइन भरून २० ते २५ सेंमी पाण्याच्या दाबाने फुफ्फुस फुगवा आणि फक्त ब्रॉन्कसच्या कापलेल्या टोकाकडे न पाहता दुभाजकाकडेही बुडबुडे बघा.

८ आणि ९ सोपे आहेत. पल्मनरी लिगामेंट खालून वर फुफ्फुसशिरेपर्यंत कापताना त्यातले नोड ९, अन्ननलिकेला लागून असलेले ८. इथे बऱ्याचदा फक्त चरबी निघते.

डावी बाजू

डावीकडे कमानीखाली सगळे दाटीत आहे. पुढे फ्रेनिक, मागे व्हेगस, या दोघींच्या मधल्या प्ल्युरातून ५ आणि ६ ला जायचे. ६ महाधमनीच्या कमानीच्या बाहेर-पुढे, फ्रेनिकच्या खालून. ५ कमान आणि डावी फुफ्फुसधमनी यांच्यामध्ये. व्हेगसमधून रिकरंट नर्व्ह कमानीवरच फुटते आणि लिगामेंटम आर्टेरिओसमच्या मागून कमानीखाली वळते. आधी व्हेगस शोधा, तिच्यावरून खाली येत फांदी ओळखा, मगच पुडके ओढा. या भागात वीज नको. क्लिप आणि थंड कात्री. ४एल करायचा असेल तर नर्व्हच्या शेजारीच काम आहे. तिला टेप लावून ताणू नका, ताणानेही ती महिनोन्महिने बंद पडते. रुग्णाचा आवाज बसला, पाणी पिताना ठसका लागला, तर लवकर घशाची दुर्बिणीने तपासणी करून घ्या. फुफ्फुस कमी झालेल्या माणसाला जोरात खोकता न येणे हा खरा धोका आहे, आवाज त्यामानाने दुय्यम.

डावीकडचा ७ खोल आहे, कारण डावा मुख्य ब्रॉन्कस जवळपास ५ सेंमी लांब असतो आणि दुभाजक कमानीच्या आड जातो. खालच्या फुफ्फुसशिरेपासून सुरू करा, महाधमनी आणि अन्ननलिका मागे, ब्रॉन्कस वर उचला. डबल ल्युमेन ट्यूबचे (दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळा श्वास देणाऱ्या नळीचे) टोक डाव्या ब्रॉन्कसमध्ये असेल तर तो कडक राहतो आणि उचलत नाही. भूलतज्ज्ञांशी हे आधीच बोलून ठेवा.

फुफ्फुसाच्या आतले नोड

१० आणि ११ सर्जनने छातीतच वेगळे काढावेत. १२ ते १४ लोबबरोबर बाहेर येतात आणि बऱ्याचदा लोबमध्येच राहतात. पॅथॉलॉजीत गाठीच्या कडा पाहण्याकडे लक्ष असते. ब्रॉन्कसच्या फाट्यांमधले ५ मिमीचे काळे नोड कुणी शोधत नाही. उपाय साधा आहे. लोब टेबलावर घेऊन ब्रॉन्कसच्या कापलेल्या टोकापासून प्रत्येक फाटा बोटाने चाचपत जा आणि सापडलेले नोड लगेच १२ व १३ च्या बाटल्यांत टाका. गाठ कापू नका, ते काम पॅथॉलॉजिस्टचे.

सेगमेंटेक्टमी (लोबचा फक्त एक भाग काढणे) करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचे. २ सेंमीपर्यंतच्या परिघावरच्या गाठीत छोटी शस्त्रक्रिया पुरते, असे २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले, पण ते नोड निगेटिव्ह असलेल्या रुग्णांत. म्हणून सेगमेंटच्या तोंडाशी असलेले १२-१३, तसेच १०-११ यांचा फ्रोझन सेक्शन मागवा. पॉझिटिव्ह आला आणि रुग्णाचा श्वास परवानगी देत असेल, तर लोबेक्टमी, म्हणजे पूर्ण लोब काढणे.

चिकटलेले नोड

जुना क्षय किंवा धूळ यांमुळे नोड चुनखडीसारखे कडक होऊन फुफ्फुसधमनीला चिकटतात. लोबांच्या मधल्या फटीतला ११ असा असला तर हात लावण्याआधी मुख्य फुफ्फुसधमनीभोवती टेप घाला. मग धारदार कात्रीने कवचाच्या आत शिरा, चुरा काढा, कवचाचा पातळ पापुद्रा धमनीवर राहू द्या. कर्करोगाची शंका नसलेल्या नोडपुरतेच हे चालते.

बाटल्या

सगळ्यात जास्त माहिती इथे हरवते, आणि तीही चाकू न लावता. शस्त्रक्रियेआधी बाटल्यांवर स्टेशन आणि बाजू लिहून रांग लावा: ‘४आर – उजवा खालचा श्वासनलिकेजवळचा’, असे क्रमांक आणि नाव दोन्ही. नोड बाहेर आला की सर्जन स्टेशन मोठ्याने सांगेल, परिचारिका तेच परत म्हणेल, मगच झाकण. ‘मेडियास्टिनल नोड’ अशी एकच बाटली कधीही नको. टीएनएमची (कर्करोगाची स्टेज ठरवण्याच्या पद्धतीची) नववी आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तिच्यात एका स्टेशनातला एन-२ म्हणजे एन-२ए आणि एकाहून जास्त स्टेशनांतला एन-२बी, असे भाग पडले. सगळे एका बाटलीत घातले तर हा फरक कायमचा पुसला जातो.

फॉर्मेलिन १० टक्के बफर्ड, नमुन्याच्या दहापट. फ्रोझनचा नोड फॉर्मेलिनमध्ये अजिबात नको, सलाइनने ओलसर केलेल्या गॉझवर पाठवा. क्षयाची शंका असेल तर तुकडा कल्चरसाठी कोरडा किंवा सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. पुडके बाटलीत टाकण्याआधी ओल्या गॉझवर चाचपा. नोड घट्ट आणि करडा-काळा लागतो, चरबी मऊ-पिवळी. नुसती चरबी असेल तर आताच परत जाऊन बघता येते. अहवालात ‘लसिकाग्रंथी आढळली नाही’ आले की ते स्टेशन मोजले जात नाही.

पहिले चार दिवस

उपाशी रुग्णाच्या छातीत ठेवलेल्या नळीतून पाण्यासारखे येणारे द्रव फसवे असते. खाणे सुरू झाल्यावर ते दुधाळ झाले, की कायल, म्हणजे लसिकावाहिनीतून गळणारा चरबीयुक्त द्रव, समजा. ट्रायग्लिसराइड ११० मिग्रॅ प्रति डेसिलीटरपेक्षा जास्त आले तर जवळपास नक्की. म्हणून पहिल्या जेवणाआधी नळी काढण्याची घाई करू नका. चरबीमुक्त आहार किंवा तोंडाने काहीच नाही आणि शिरेतून पोषण, सोबत ऑक्ट्रिओटाइड हे औषध, याने बहुतेक थांबते. दिवसाला १ लिटरच्या आसपास येतच राहिले तर वाट पाहू नका. प्रथिने आणि लिम्फोसाइट वाहून जातात. मग लिंफँजिओग्राफीतून (लसिकावाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी पाहत) वाहिनी बंद करणे, किंवा डायफ्रामच्या वर उजवीकडे महाधमनी आणि अझायगसच्या मध्ये थोरॅसिक डक्ट (मुख्य लसिकावाहिनी) बांधणे. ७ काढल्यानंतरचा कोरडा खोकला मात्र पुष्कळांना काही आठवडे राहतो. रुग्णाला आधीच सांगितले तर तो घाबरत नाही.

अहवाल आणि नोंद

शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘नोड काढले’ एवढे लिहू नका. प्रत्येक स्टेशनासमोर चारांपैकी एक शब्द हवा: पूर्ण काढले, नमुना घेतला, पाहिले पण नोड नव्हता, किंवा उघडले नाही. नोड अखंड निघाला की तुकड्यांत, तेही लिहा. पॅथॉलॉजीत प्रत्येक नोडचे २ मिमीचे काप करून सगळे तपासले जावेत आणि कर्करोग कवचाबाहेर गेला आहे का, ते नोंदले जावे. सर्वांत वरचे स्टेशन पॉझिटिव्ह आले तर शस्त्रक्रिया पूर्ण झाली असे खात्रीने म्हणता येत नाही, अहवालाच्या भाषेत ती ‘आर-अनिश्चित’.

नातेवाइकांनी अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: स्टेशनांचे क्रमांक वेगवेगळे दिले आहेत का, त्यांत ७ आहे का, आणि मेडियास्टिनमची निदान तीन स्टेशने आहेत का. नसतील तर सर्जनकडे शस्त्रक्रियेची नोंद मागा. कधी नोड काढलेला असतो, अहवालात फक्त त्याचे नाव गळालेले असते. लोब अजून पॅथॉलॉजीत फॉर्मेलिनमध्ये असेल, तर आतले राहिलेले नोड पुन्हा शोधून द्या, अशी विनंती करता येते. तो नमुना काही आठवड्यांनी टाकून दिला जातो, म्हणून ही विनंती अहवाल हातात आला त्याच दिवशी करावी.